‘असे चरकाचार्य म्हणतात’ – पण कोठे?

आपल्या त्रैमासिकाकडे येणारे लेख छपाईपूर्वी वाचून देण्याचे काम संपादक मंडळाने गेली काही वर्षे आमच्याकडे सोपविले आहे. शिवाय काही ज्येष्ठ वैद्यमित्र आपले पुस्तक प्रकाशकाकडे पाठविण्याआधी हस्तलिखित आमच्याकडे धाडतात. या वाचनात एक वाक्य आमच्या इतक्या परिचयाचे झाले आहे की ते दिसताच लाल शाईचे पेन आपोआप हाती येते. ते वाक्य म्हणजे ‘असे चरकाचार्य म्हणतात.’ म्हणत असतील. आमची त्याविषयी तक्रार नाही. परंतु चरकसंहितेत ८ स्थाने आणि १२० अध्याय आहेत. त्यांपैकी कोणत्या स्थानात, कोणत्या अध्यायात, कोणत्या श्लोकात म्हणतात, हे लेखकाने सांगितले नाही तर वाचकाने शोधावे तरी कोठे?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला विद्वत्तेमुळे मिळालेला नाही, एका चुकीमुळे मिळाला आहे. ती चूक आमचीच होती, म्हणून येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी वातरक्तावरील एका लेखात आम्ही कैशोर गुग्गुळाचा उल्लेख केला आणि पुढे ‘च. चि. २९’ असे लिहून मोकळे झालो. लेख छापून आला, चार जणांनी दूरध्वनी करून अभिनंदनही केले. पुढे काही महिन्यांनी एका तालुक्याच्या गावचे फार्मसीचालक आमच्या चिकित्सालयात आले. हातात आमच्या लेखाचा अंक, एक सरकारी पत्र आणि छापील लेबलांचा गठ्ठा. त्यांनी कैशोर गुग्गुळाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता आणि ग्रंथाधार म्हणून आमचाच संदर्भ जसाच्या तसा उतरविला होता. ‘दिलेल्या संदर्भस्थळी सदर योग आढळत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत आला होता. परवाना मिळणारच या भरवशावर त्यांनी लेबलेही छापून घेतली होती आणि प्रत्येक लेबलावर ‘च. चि. २९’ झळकत होते.

आम्ही संहिता काढली. चिकित्सास्थानाचा एकोणतिसावा अध्याय वातरक्ताचाच आहे. पण त्यात कैशोर गुग्गुळ नाही. तो शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडात, सातव्या अध्यायात, वटककल्पनेत आहे. घोटाळा कसा झाला हे लगेच उमगले. व्याधी वातरक्त, वातरक्ताचा अध्याय एकोणतिसावा, तेव्हा वातरक्ताचा प्रसिद्ध योगही तेथेच असणार, असे आमच्या स्मरणशक्तीने परस्पर ठरवून टाकले होते. आम्ही ग्रंथ उघडलाच नव्हता. फार्मसीचालक सज्जन होते. ‘‘डॉक्टर, तुम्ही लिहिलंय म्हणून मी पुन्हा बघितलं नाही,’’ एवढेच ते बोलले. लेबलांचा खर्च आम्ही देऊ केला. त्यांनी तो घेतला नाही, त्यामुळे आमचा अपराध अधिकच जड झाला.

आपल्या वाचकांत फार्मसीचालक मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना हे ठाऊकच आहे की संदर्भ ही त्यांच्यासाठी शोभेची वस्तू नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम ३(अ) नुसार शास्त्रोक्त आयुर्वेदीय औषध म्हणजे पहिल्या परिशिष्टातील प्रमाण ग्रंथांत सांगितलेल्या योगानुसारच तयार केलेले औषध. परवान्यासाठी काय काय सादर करावे लागते ते १५८-ब या नियमात दिले आहे. हा नियम २०१० मध्ये समाविष्ट झाला. लेबलावर प्रमाण ग्रंथ व त्यातील अधिकरण यांचा निर्देश हवा, हे नियम १६१ सांगतो. म्हणजे औषधाच्या प्रत्येक बाटलीवर एक छोटी संदर्भनोंद चिकटविलेलीच असते. ती जेथून उचलली जाते, ते लेख आणि ती पुस्तके आपण वैद्य लिहितो. आपण ‘असे चरकाचार्य म्हणतात’ यावर भागवले, तर पुढचा माणूस काय चिकटवणार?

शिवाय योगाचे नाव एक असले म्हणजे पाठ एकच असतो असेही नाही. कैशोर गुग्गुळ शार्ङ्गधरात आहे तसा चक्रदत्तातही आहे. परंतु त्रिफळा व गुळवेल यांची माने दोन्हीकडे सारखी नाहीत. केवळ नाव लिहिणाऱ्या लेखकाने यांपैकी कोणता पाठ वापरला हे वाचकाला कळत नाही आणि गुण आला वा आला नाही तर तो कशाचा, हेही कळत नाही. अशा ठिकाणी संदर्भ हा चिकित्सेचाच भाग होतो, असे आमचे मत आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो आदरणीय मंडळींकडून येतो, म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे. आक्षेप असा की, आपली परंपरा मुखोद्गत विद्येची आहे. तळटीपा, क्रमांक, कंस हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. ज्याला श्लोक पाठ आहे त्याला पत्त्याची गरज काय? आम्हाला हे पटत नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानाच्या अखेरच्या अध्यायात ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ३२. त्यांतील अतीतावेक्षण म्हणजे मागे सांगितलेल्याकडे बोट दाखविणे, अनागतावेक्षण म्हणजे पुढे येणाऱ्याची सूचना देणे, अनुमत म्हणजे दुसऱ्याचे मत खंडन न करता स्वीकारणे. हा संदर्भशास्त्राचाच विचार आहे. चक्रपाणी, डल्हण हे टीकाकार पाठभेद आढळला तर तसे नोंदवितात आणि दुसऱ्या आचार्याचे मत घेताना त्याचे नाव घेतात. चक्रपाणिदत्तांनी तर अकराव्या शतकात चक्रदत्त रचताना वृंदाच्या सिद्धयोगाचा आधार घेतला आणि ग्रंथाच्या शेवटी, यातील योग इकडचे तिकडे करणाऱ्याच्या मस्तकावर शाप पडो, असे स्पष्ट लिहून ठेवले. आजचे प्रकाशक फक्त ‘सर्व हक्क राखीव’ लिहितात. त्या मानाने ते फारच सौम्य म्हणायचे.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे येऊ. संहितेचा संदर्भ स्थान, अध्याय, श्लोक या क्रमाने द्यावा हे सर्वांना माहीत आहे. अडचण येते ती बारकाव्यांत. च्यवनप्राशाचा संदर्भ ‘च. चि. १/६२’ असा दिलेला आम्ही अनेक ठिकाणी वाचला आहे. तो अपुरा आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायाचे चार पाद आहेत आणि प्रत्येक पादात श्लोकसंख्या नव्याने सुरू होते. म्हणून च्यवनप्राश ‘च. चि. १/१/६२-७४’ असा लिहावा लागतो. दुसऱ्या, वाजीकरणाच्या अध्यायाचेही असेच.

दुसरी अडचण संक्षेपांची. ‘सू.’ म्हणजे सूत्रस्थान आणि ‘सु.’ म्हणजे सुश्रुत. केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, आणि मुद्रिते तपासणाराने ‘शुद्धलेखन सुधारले’ की सुश्रुताचे सूत्रस्थान होते. ‘शा.’ म्हणजे शारीरस्थान की शार्ङ्गधर? ‘उ.’ म्हणजे सुश्रुताचे उत्तरतंत्र, वाग्भटाचे उत्तरस्थान की शार्ङ्गधराचा उत्तरखंड? ‘वाग्भट’ एवढेच लिहिले तर हृदय समजायचे की संग्रह? यावर उपाय अगदी साधा आहे. पुस्तकाच्या आरंभी संक्षेपसूची द्यावी आणि शेवटच्या पानापर्यंत तिच्याशी प्रामाणिक राहावे. एका हस्तलिखितात आम्हाला अष्टांगहृदयासाठी पाच निरनिराळे संक्षेप आढळले. त्यांतला एक तर लेखकालाही ओळखता आला नाही.

तिसरी गोष्ट आवृत्तीची, आणि येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण बहुसंख्य लेखक हिला क्षुल्लक समजतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अध्यायांचा क्रम सर्व मुद्रित प्रतींत एक नाही. पहिले आठ अध्याय समान आहेत. पुढे मतभेद आहे. मुंबईच्या निर्णयसागर प्रेसने वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांच्या संपादनाखाली छापलेल्या प्रतीत अर्शचिकित्सा चौदावा अध्याय आहे, तर बंगालमधील गंगाधर कविराजांच्या परंपरेतील प्रतीत ती नववी येते. म्हणजे ‘च. चि. १४’ हा संदर्भ एकाच वेळी बरोबर आणि चूक असू शकतो! आपण महाराष्ट्रातील वैद्य बहुधा यादवजींच्याच पाठावर शिकलो, म्हणून आपल्याला हा प्रश्न जाणवत नाही. पण आपला लेख कोलकात्याचा वाचकही वाचतो. योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली यांसारख्या ग्रंथांत तर व्याधीच्या अधिकारानुसार योग येतात आणि निरनिराळ्या संपादकांनी श्लोकांना निरनिराळे क्रमांक दिले आहेत. तेथे अधिकाराचे नाव, संपादक, प्रकाशन आणि पृष्ठ दिल्याशिवाय गत्यंतर नाही. योगरत्नाकराची पुण्याच्या आनंदाश्रमाची प्रत वापरली असेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतील फरकही सांभाळावा. यादवजींच्या चरकाची तिसरी आवृत्ती १९४१ ची. आपल्या कपाटातील प्रत तिचे अलीकडचे पुनर्मुद्रण असते. मुखपृष्ठामागील शेवटचे साल उचलून ‘चरकसंहिता, २०११’ असे लिहिणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. लेखक-साल पद्धतीचा आग्रह धरणाऱ्या एका नियतकालिकात तर मजकुराच्या मध्येच ‘(चरक, २०११)’ असे छापले गेले होते. वाचून क्षणभर वाटले, आचार्य अद्याप लिहीत आहेत.

येथे प्रकाशकांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. वैद्यकीय नियतकालिके बहुधा व्हँकुव्हर पद्धत मागतात. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९७८ मध्ये संपादकांची बैठक झाली, तीतून ही पद्धत निघाली. मजकुरात क्रमांक आणि शेवटी त्या क्रमाने यादी, असा तिचा साचा आहे. आधुनिक शोधनिबंधांसाठी ती उत्तम आहे. परंतु संहितेतील वीस वचने एकाच ग्रंथातून घेतली असता वीस क्रमांक आणि यादीत वीसदा तेच पुस्तक, हे अनाठायी होते. आमचे मत असे की संहितांचे स्थान-अध्याय-श्लोक मजकुरातच कंसात यावेत, वापरलेली आवृत्ती यादीत एकदाच यावी आणि क्रमांकपद्धती आधुनिक साहित्यापुरती राहावी. प्रकाशकाच्या सूचना याविरुद्ध असतील तर हस्तलिखितासोबतच्या पत्रात लेखकाने तशी विनंती करावी. आमच्या अनुभवात ती बहुतेक वेळा मान्य होते. न झाल्यास मात्र निमूटपणे त्यांची पद्धत पाळावी. घर त्यांचे आहे.

आणखी एक दोष अप्रामाणिक नसतो, पण परिणाम तोच करतो. हिंदी व्याख्येसह छापलेल्या संहितांत श्लोक, अर्थ आणि नंतर ‘विमर्श’ असतो. विमर्श व्याख्याकाराचा असतो, आचार्यांचा नव्हे. परीक्षेच्या काळात आपण सर्वांनी तो एकत्रच पाठ केलेला असल्यामुळे विसाव्या शतकातील व्याख्याकाराचे मत चरकांच्या नावावर सर्रास खपते. चक्रपाणींच्या टीकेतील वाक्य असेल तर ‘चक्रपाणी’ लिहावे, व्याख्याकाराचे असेल तर त्याचे नाव लिहावे. मूळ ग्रंथ पाहिलाच नसेल तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. आता तर केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबाद येथील संस्थेने चरक-सुश्रुतादी संहिता संगणकावर शोधता येतील अशा रूपात उपलब्ध केल्या आहेत. ‘ग्रंथ हाताशी नव्हता’ ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही.

या सर्वाहून गंभीर वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ती एका ज्येष्ठ वैद्यांच्या हस्तलिखितामुळे आमच्या लक्षात आली. त्यांना आम्ही येथे आबा म्हणू. आबांनी प्राणवह स्रोतसाच्या व्याधींवर तीनशे पानांचे पुस्तक स्वहस्ते लिहिले. प्रकाशकाने ते ‘संदर्भ तपासून पाठवावे’ एवढ्याच शेऱ्यासह परत केले. आबा संतापले. ‘‘चाळीस वर्षं नाडी पाहतोय, आता हा मला श्लोक विचारणार?’’ म्हणत हस्तलिखित त्यांनी आमच्यापुढे ठेवले. त्यात सितोपलादि चूर्णापुढे ‘पिंपळी निम्मी, च. चि. ८’ असे लिहिले होते. मूळ पाठ (च. चि. ८/१०३-१०४) साखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची, दालचिनी असा खालून वर दुप्पट होत जातो, म्हणजे १६, ८, ४, २, १ भाग. पिंपळी निम्मी केल्यास ती साखळीच तुटते. आम्ही विचारले, ‘‘आबा, ही निम्मी पिंपळी कोणाची?’’

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग जुन्या वह्या निघाल्या. पित्तप्रकृतीच्या रुग्णांना मूळ मानाने घशात व छातीत जळजळ होते, हे त्यांनी तरुणपणी पाहिले होते आणि तेव्हापासून ते पिंपळी निम्मी घालीत आले होते. नावे, तिथी, लक्षणे, सारे वहीत होते. पुस्तकात मात्र त्यांनी ते सर्व पुसून चरकांचे नाव लिहिले होते, कारण, त्यांच्याच शब्दांत, ‘‘माझं कोण ऐकणार?’’

खोट्या संदर्भाने आचार्यांची हानी होत नाही. त्यांच्या ग्रंथाला आपण काय धक्का लावणार? हानी होते ती वैद्याच्या स्वतःच्या निरीक्षणाची. आबांचे चाळीस वर्षांचे काम चरकांच्या नावाखाली गाडले जाणार होते. कोणी ताडून पाहिले असते तर ‘संदर्भ चुकीचा’ म्हणून तेही फेटाळले गेले असते आणि वाचलेल्या रुग्णांची साक्षही त्याबरोबर गेली असती. फार्मसीच्या दृष्टीनेही फरक पडतो. मान बदललेला योग ३(अ) खाली शास्त्रोक्त म्हणून करता येत नाही. त्याचा विचार ३(ह) मधील स्वामित्वाच्या औषधांत करावा लागतो. आबांच्या पुस्तकावर विसंबून कोणी तसे चूर्ण ‘शास्त्रोक्त’ म्हणून बाजारात आणले असते तर त्याची गत आमच्या त्या लेबलवाल्या मित्रासारखीच झाली असती. शास्त्रवचन आणि स्वानुभव हे दोन्ही मौल्यवान आहेत. दोघांना वेगवेगळ्या ओळींत बसवावे, एवढेच आमचे म्हणणे. पहिल्या ओळीत मूळ पाठ व त्याचा पत्ता. दुसऱ्या ओळीत ‘लेखकाने केलेला बदल’, त्याचे कारण, रुग्ण किती, काळ किती, आणि कोणाला गुण आला नाही तेही.

हस्तलिखिताच्या बाह्य रूपाविषयी थोडक्यात. जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर प्रकाशकाच्या संगणकावर तो फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांची रांगोळी होतो. म्हणून युनिकोडमध्येच टंकन करून घ्यावे आणि सोबत छापील प्रत द्यावी. जोडाक्षरे तपासावीत, ‘शार्ङ्गधर’ एकाच लेखात तीन प्रकारे लिहिलेला आम्ही पाहिला आहे. वनस्पतीचे मराठी नाव, संस्कृत नाव आणि शास्त्रीय नाव पहिल्या उल्लेखात एकत्र द्यावे. हे संदिग्ध द्रव्यांसाठी तर अनिवार्य आहे. ‘ब्राह्मी’ म्हटले की केरळचा वैद्य बॅकोपा घेतो आणि आपल्याकडे पुष्कळदा सेंटेला हाती येते. ‘रास्ना’ उत्तरेत प्लुचिया, केरळात अल्पिनिया. माने देताना ग्रंथोक्त मान आणि ग्रॅम दोन्ही लिहावीत व रूपांतर कोणत्या हिशेबाने केले ते सांगावे. भारतीय आयुर्वेदीय योगसंग्रहाच्या हिशेबाने तोळा १२ ग्रॅम, पल ४८ आणि प्रस्थ ७६८ ग्रॅम होतो. द्रवद्वैगुण्य धरले की नाही हेही लिहावे, अन्यथा आसवारिष्टे करणारा अंदाजाने पाणी घालील. रुग्णाचे छायाचित्र छापायचे असेल तर लेखी संमती हवी आणि नाव-गाव नको.

आबा सध्या हस्तलिखित पुन्हा लिहीत आहेत. प्रत्येक योगासाठी एक पुठ्ठ्याची चिठ्ठी केली आहे. एका बाजूला ग्रंथाचा पत्ता, दुसऱ्या बाजूला त्यांच्या वहीचे पान. तीनशे पानांची आता सव्वाचारशे झाली आहेत आणि प्रकाशक थोडा धास्तावला आहे. गेल्या आठवड्यात आबांनी हेमाद्रींच्या आयुर्वेदरसायन टीकेसह असलेली अष्टांगहृदयाची निर्णयसागर प्रत आमच्याकडून नेली. ती परत केव्हा मिळेल हे विचारण्याचे धाडस आम्ही अजून केलेले नाही.